वैशाखातलं लग्न आणि तापलेला कॅमेरा

"मामा, कॅमेरा तपी गया!"

भाच्याचा फोन आला तेव्हा मागे डीजेचा दणदणाट चालू होता. अमळनेरजवळच्या एका गावात तो लग्नाचं शूटिंग करत होता. मे महिना, दुपारची वेळ, नवरदेव मारुतीच्या पारापाशी पोचलेला. भाच्याच्या हातात जेमतेम महिनाभरापूर्वी घेतलेला मिररलेस कॅमेरा. पडद्यावर आधी तापमापकाचं चिन्ह लुकलुकलं, मग इशाऱ्याची एक ओळ उमटली आणि कॅमेऱ्याने स्वतःला बंद करून घेतलं. शेजारी करवलीचा मोबाइल चालू होता. त्याच्याच जोडीदाराने खांद्यावर घेतलेला दहा वर्षांचा जुना व्हिडिओ कॅमेराही चालू होता. लाखाच्या घरातली नवी वस्तू दमली आणि जुनी टिकली, हे त्याला पटेना.

भाचा बेसावध नव्हता. कॅमेरा घेण्याआधी त्याने महिनाभर अभ्यास केला होता, आधी घेतलेल्यांचे अनुभव ऐकले होते. जवळपास सगळ्यांनी एकच सांगितलं होतं : तासभर सलग चालतो, काही होत नाही. ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांचा कॅमेरा खरोखरच तासभर चालला होता. फरक एवढाच, की त्यांच्या खोलीत हवा २३-२५ अंशांची होती आणि अमळनेरात ती चाळिशी ओलांडून गेली होती. वीस अंशांच्या या फरकाने नेमकं काय बिघडतं, ते मी त्या संध्याकाळी भाच्याला वहीवर समजावून सांगितलं. खान्देशात लग्नाचं शूटिंग करणारी, अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ बनवणारी बरीच मुलं सध्या असाच पहिला मिररलेस कॅमेरा घेत आहेत. ती वही त्यांच्याही कामाची आहे.

आरसा गेला, विश्रांतीही गेली

मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. आधीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे एक तिरका आरसा असे. भिंगातून आलेला प्रकाश तो वर, फोटो काढणाऱ्याच्या डोळ्याकडे वळवी. बटण दाबलं की आरसा खाडकन उचलला जाई, क्षणभर प्रकाश मागच्या सेन्सरवर पडे आणि आरसा पुन्हा जागेवर येई. सेन्सर म्हणजे प्रकाशाची वीज करणारी सिलिकॉनची पातळ पाटी. पूर्वी तिथे फिल्म असायची. फोटोग्राफर अर्धा तास नेम धरून बसला, तरी या पाटीला काम पडे ते सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतं. बाकी वेळ ती निवांत.

२००८ हे या गोष्टीतलं मोठं वर्ष. निकॉनच्या डी९० आणि कॅननच्या ५डी मार्क टू या कॅमेऱ्यांनी त्या वर्षी डीएसएलआरमध्ये व्हिडिओ आणला, आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकने लुमिक्स जी१ आणून आरसाच काढून टाकला. २०१३ मध्ये सोनीच्या ए७ने मोठ्या, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाच्या सेन्सरवर हाच प्रयोग केला. पुढची वाटचाल आपण सगळ्यांनी पाहिलेलीच आहे.

आरसा गेल्यावर डोळ्याला दिसणारं चित्रही सेन्सरकडूनच घ्यावं लागतं. कॅमेरा चालू केल्यापासून बंद करेपर्यंत पाटी कामावर असते, आणि व्हिडिओत तर तिच्यावर कामाचा डोंगर पडतो. ४के चित्राची एक चौकट ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपक्यांची. भारतात आपण सेकंदाला २५ चौकटी घेतो. गुणाकार केला तर सेकंदाला २० कोटींहून जास्त नोंदी होतात.

याला जनगणनेची उपमा चांगली बसते. ८३ लाख घरांच्या गावात प्रगणकाने एका सेकंदात पंचवीस वेळा दारोदार फिरायचं आणि प्रत्येक घरात किती उजेड आहे ते लिहायचं. एवढी कागदपत्रं ठेवायला जागा नाही, म्हणून मागे बसलेल्या कारकुनाने प्रत्येक फेरी आधीच्या फेरीशी ताडून फक्त काय बदललं तेवढंच नोंदवायचं. हा कारकून म्हणजे कॅमेऱ्याचा प्रोसेसर. त्यातच आजचे बरेच कॅमेरे चित्र रेखीव यावं म्हणून ४के देतानाही गरजेपेक्षा जास्त ठिपके वाचतात. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर सुमारे दोन कोटी घरं फिरून त्यातून ८३ लाखांची यादी बनवतात. चित्र सुंदर येतं, पण प्रगणक आणि कारकून दोघेही घामाघूम होतात.

जुना व्हिडिओ कॅमेरा का टिकला, ते इथेच कळतं. त्याचं चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपक्यांचं. काम चौथाई, सेन्सर नखाएवढा, आणि अंगाला हवेसाठी फटी ठेवलेल्या. मोबाइलचा सेन्सरही इवलासा असतो. शिवाय तापायला लागला की तो गुपचूप पडद्याचा उजेड कमी करतो, कामाचा वेग उतरवतो. करवली तरी कुठे सलग अर्धा तास चित्रण करते? पंधरा सेकंद इकडे, वीस सेकंद तिकडे.

डब्यात कोंडलेला बल्ब

आता थोडा हिशेब. या वर्गातल्या कॅमेऱ्याच्या बॅटरीत साधारण १६ वॅट-तास वीज मावते, आणि ४के चित्रण सतत चालू ठेवलं की ती दीड-दोन तासांत संपते. भागाकार केला तर कॅमेरा आठ ते दहा वॅट खातो असं दिसतं. ही वीज जाते कुठे? पंख्याची वीज पाती फिरवते, पंपाची वीज विहिरीतलं पाणी वर आणते. कॅमेऱ्याने असं काहीच हलवलेलं नसतं. पडद्यातून थोडा उजेड बाहेर पडतो, तेवढा सोडला तर सगळ्या विजेची उष्णता होते.

आपल्या घरात ९ वॅटचा एलईडी बल्ब असतो. तासभर जळल्यावर त्याच्या बुडाला हात लावून पाहा, चटका बसतो. तोच बल्ब पोळ्यांच्या डब्यात घालून झाकण लावलं तर? व्हिडिओ घेणारा मिररलेस कॅमेरा म्हणजे असा डब्यात कोंडलेला बल्ब. धूळ आणि पाणी आत शिरू नये म्हणून डब्याला रबरी पट्ट्या लावून तो आणखी घट्ट केलेला असतो. खान्देशच्या फुफाट्यात त्या पट्ट्या हव्यातच, पण धूळ ज्या वाटेने आत येत नाही त्याच वाटेने उष्णताही बाहेर जात नाही.

उष्णता बाहेर पडायला मग एकच मार्ग उरतो : आतून कॅमेऱ्याच्या कातडीपर्यंत आणि कातडीपासून हवेत.

चहा, बशी आणि फुंकर

घाईत असलेला माणूस कपातला चहा बशीत ओततो आणि फुंकर मारतो. या एका कृतीत उष्णता घालवण्याचे दोन नियम येतात. बशीत चहा पसरला की हवेला टेकणारा भाग वाढतो. फुंकरीने चहावरची तापलेली हवा आणि वाफ सरते आणि तिथे ताजी हवा येते. तिसरा नियम आपण गृहीतच धरतो : आजूबाजूची हवा चहापेक्षा गार असली पाहिजे. पौषातल्या पहाटे चहा बघता बघता निवतो आणि वैशाखातल्या दुपारी तोच चहा बराच वेळ कोमट राहतो. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल ते दोघांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. फरक अर्धा झाला की वेगही साधारण अर्धा होतो.

आता हा नियम कॅमेऱ्याला लावू. समजण्यासाठी धरा, की कॅमेऱ्याची कातडी ५० अंशांपर्यंत तापलेली चालते, त्यापुढे नाही. २३ अंशांच्या खोलीत फरक २७ अंशांचा. ४३ अंशांच्या मांडवात फरक फक्त ७ अंशांचा. म्हणजे बाहेर जाणारी उष्णता चौथाईवर आली. आतला बल्ब मात्र पूर्वीइतकाच जळतो आहे. येणारं पाणी तेवढंच आणि मोरीचं तोंड तीन-चतुर्थांश बुजलेलं, असं झाल्यावर टाकी भरून वाहणारच.

म्हणून "तासभर चालतो" हा अनुभव मांडवात लागू पडला नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंशांपर्यंत लिहिलेली असते. ही ओळ शेवटच्या पानांत, बारीक अक्षरांत असते आणि नव्या मालकांपैकी फार थोडे तिथपर्यंत पोचतात. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जाणं नवं नाही. त्यातही हवामान खातं तापमान मोजतं ते सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, झरोके असलेल्या पांढऱ्या पेटीत. पाराजवळच्या फरशीवर, डीजेच्या गाडीशेजारी उभ्या कॅमेऱ्याला त्या पेटीतली सावली मिळत नाही.

पहिल्या ग्राहकांनी लावलेला शोध

उष्णतेचा हा प्रश्न जगभर गाजला तो २०२० साली. कॅननने जुलैमध्ये ईओएस आर५ आणला. मिररलेस कॅमेऱ्यात ८के व्हिडिओ, म्हणजे ४केच्या चौपट ठिपके! कंपनीने स्वतःच जाहीर केलं होतं, की २३ अंशांच्या हवेत ८के चित्रण साधारण २० मिनिटं चालेल आणि ८केमधून गाळून काढलेलं उत्तम प्रतीचं ४के ३० मिनिटं. एकदा मर्यादा गाठल्यावर दहा मिनिटं विश्रांती दिली, तर पुढचं ८के चित्रण मिळणार होतं जेमतेम तीन मिनिटांचं. लग्नातला कॅमेरा दहा मिनिटं थांबून तीन मिनिटं चालला तर मंगलाष्टकांचं काय होईल, ते सांगायला नको.

ज्यांनी तो कॅमेरा पहिल्यांदा घेतला, त्यांनी पुढचे काही आठवडे केलेली खटपट मला फार आवडते. कुणी थर्मामीटर लावून नोंदी ठेवल्या, कुणी कॅमेरा फ्रीजमध्ये गार करून पाहिला, कुणी चक्क खोलून आत उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्या बसवल्या. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. कॅमेरा गार केला तरी पूर्ण वेळ परत मिळत नव्हता. तो नुसतं तापमान मोजत नव्हता, किती वेळ काम झालं त्यावरून आत किती तापलं असेल याचा अंदाजही बांधत होता. ऑगस्टअखेर कॅननने नवं फर्मवेअर दिलं. फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतली आज्ञावली, जिच्या हुकमाने तो चालतो. त्यात तापमान ओळखण्याची आणि चित्रणाची वेळ ठरवण्याची पद्धत सुधारली होती. २०२२ च्या जानेवारीत त्याच कॅमेऱ्याचं आर५ सी हे भावंड आलं, तेव्हा त्याच्या पाठीत पंखा होता.

कॅमेरा एवढा धास्तावलेला का असतो? चिप जपायची असते, कार्डावर चाललेलं लेखन अर्धवट तुटू द्यायचं नसतं, आणि माणसाचा हात जपायचा असतो. चटका न देणारी, नुसती बऱ्यापैकी गरम वस्तूही फार वेळ त्वचेला टेकून राहिली तर भाजते, आणि ते पटकन कळत नाही. म्हणून सोनीसह काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत आपोआप बंद होण्याच्या तापमानाची एक निवड मेनूत दिलेली असते : नेहमीचं किंवा जास्त. जास्त निवडलं की कॅमेरा अधिक तापेपर्यंत चालतो, पण तो हातात न धरता तिपाईवर ठेवा असा इशाराही तिथेच असतो. भाच्याच्या कॅमेऱ्यात ही निवड होती. त्याने ती पाहिली त्या लग्नानंतर.

तापण्याशी संबंध नसलेलीही एक अडचण आहे आणि नवे लोक ती तापण्याच्याच खात्यात टाकतात. काही जुने कॅमेरे बरोबर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबतात. युरोपात अर्ध्या तासाहून जास्त सलग चित्रण करणारं यंत्र 'व्हिडिओ कॅमेरा' धरून त्यावर जादा आयात शुल्क लागत असे, म्हणून कंपन्यांनीच एक सेकंद आधी कुलूप लावलं होतं. हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांतून ते निघालं आहे. मारुतीच्या पारापाशी भाच्याचा कॅमेरा थांबला तो या कुलपामुळे नव्हे.

झोळीतलं बाळ आणि खापरावरचा मांडा

"कातडीपर्यंत उष्णता न्यायला एवढं काय कठीण आहे? तांब्याची पट्टी जोडायची," असं भाचा म्हणाला. जोडता येत नाही, कारण सेन्सर आता एका जागी घट्ट बसलेला नसतो. हात हलला तरी चित्र हलू नये म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर चुंबकांच्या आणि तारेच्या वेटोळ्यांच्या जोरावर तरंगता ठेवलेला असतो. झोळीतल्या बाळासारखा. झोळीला खांबाशी दोरखंडाने करकचून बांधलं तर ती झुलणार कशी? सगळ्यात जास्त तापणारी वस्तूच अधांतरी, हा या कॅमेऱ्यांचा मूळ पेच आहे.

त्यावर एक तोड अशी, की उष्णता एका ठिकाणी साचू द्यायची नाही, पसरवायची. खापरावरचे मांडे करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. पुरण भरलेला उंडा तसाच खापरावर टाकला तर वरून जळेल आणि आत कच्चा राहील. तोच दोन्ही हातांवर फिरवत फिरवत पसरला की उष्णता क्षणात आरपार जाते. कॅमेऱ्यात हे काम ग्रॅफाइटचा पातळ पत्रा करतो. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. सोनीने २०२०च्या ए७एस थ्रीमध्ये सेन्सरमागे असाच ग्रॅफाइटचा भाग बसवला आणि पंख्याविना तासाहून जास्त ४के चित्रणाचा दावा केला. अर्थात तोही सुसह्य हवेतला.

दुसरी तोड म्हणजे फुंकर, म्हणजेच पंखा. पॅनासॉनिकने २०१९ मध्ये एस१एच या कॅमेऱ्यात पंखा घातला, २०२३ मध्ये एस५ टू या आटोपशीर कॅमेऱ्यात तो वरच्या उंचवट्यात बसवला. सोनीचा एफएक्स३ २०२१ मध्ये पंखा घेऊनच आला. इथे एक शंका रास्त आहे : बाहेरची हवाच ४३ अंशांची असेल तर पंखा काय करणार? दुपारच्या झळांत पंख्याखाली बसून आपल्याला तरी कुठे बरं वाटतं? उत्तर असं, की आपण ३७ अंशांचे आहोत आणि ४३ची हवा आपल्याला उलट तापवते. कॅमेऱ्याच्या आतला गाभा मात्र ६० अंशांच्या वर गेलेला असू शकतो. त्याला ४३ची हवाही गारच. त्यामुळे खान्देशात प्रामुख्याने व्हिडिओसाठीच कॅमेरा घ्यायचा असेल, तर मी पंख्याच्या बाजूने कौल देईन, मग त्यासाठी चार मेगापिक्सेल कमी मिळाले तरी चालेल. घेताना ठिपके मोजले जातात, पुढची पाच वर्षं मात्र लग्नसराई उन्हाळ्यातच येणार असते.

तापलेला सेन्सर बंद पडण्याआधीही नुकसान करतो. अंधारातही सिलिकॉनमध्ये उष्णतेमुळे थोडी वीज झिरपत राहते आणि दर सहा-आठ अंशांना ती साधारण दुप्पट होते. सेन्सर ती प्रकाश समजून मोजतो. चित्रात, विशेषतः सावलीच्या भागात, रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात ते काही अंशी यामुळे.

ऊन हा दुसरा बल्ब

आता वहीतला मला सर्वात महत्त्वाचा वाटलेला हिशेब. भर दुपारी स्वच्छ आकाशातून समोरासमोर पडणारं ऊन एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट शक्ती ओततं. कॅमेऱ्याची वरची आणि मागची बाजू धरली तर साधारण १३ सेंटिमीटर गुणिले १० सेंटिमीटर एवढा भाग उन्हाला मिळतो. म्हणजे १३ वॅट. कॅमेरा काळा, त्यामुळे त्यातलं बहुतेक ऊन तो पिऊन टाकतो. आतला बल्ब नऊ वॅटचा आणि वरून सूर्याने लावलेला बल्ब त्याहून मोठा! मांडवाबाहेरच्या शूटिंगमध्ये निम्म्याहून जास्त ताप कॅमेऱ्याने केलेलाच नसतो.

हा दुसरा बल्ब विझवणं फुकटचं काम आहे. आपल्याकडचा शेतकरी डोक्यावर पांढरी टोपी घालतो, त्यावर उपरणं टाकतो. तेच कॅमेऱ्याला करायचं. फक्त उपरणं त्याच्या अंगाला गुंडाळायचं नाही. गुंडाळलं की ती गोधडी होते. मांडवासारखं वर ताणायचं, कॅमेरा आणि कापड यांच्यात वीतभर हवा खेळती ठेवायची. छत्री त्याहून चांगली.

केळीच्या बागेचंही असंच आहे. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत शिरलं की बाहेरच्यापेक्षा गार वाटतं, कारण पानं सावली धरतात आणि त्यांच्यातून बाहेर पडणारी पाण्याची वाफ हवेतली उष्णता घेऊन जाते. पण ती हवा दमट असते, थोड्या वेळाने आपण चिकट होतो, कारण दमट हवेत घाम सुकत नाही. कॅमेऱ्याला या दमटपणाचं काही वाटत नाही, कारण त्याला मुळात घामच येत नाही. त्याला मोजता येतात ते फक्त अंश. आपल्या अंगाला दुपारची कोरडी लू घामामुळे थोडी तरी सोसते, कॅमेऱ्याला ती निव्वळ भट्टी. त्यामुळे "मला तर काही त्रास झाला नाही, मग याला का झाला" या तक्रारीत अर्थ नाही. आपल्याकडे माठाची युक्ती आहे, कॅमेरा म्हणजे स्टीलची कळशी. याच कारणाने जळगावच्या घराघरांत दिसणारा वाळ्याचा कूलर कॅमेऱ्याच्याही कामाचा : हवा ओली होते, पण गार होते. तुषारांपासून तेवढं दूर राहायचं.

बर्फ मात्र नको. बर्फाची पिशवी लावली तर कॅमेऱ्याचं अंग इतकं गार होतं, की मे महिन्याच्या कोरड्या हवेतूनही त्यावर पाणी धरतं, गार पाण्याच्या पेल्यावर धरतं तसं. एसी गाडीतून बाहेर काढल्यावर दव धरण्याची भीती मात्र मे महिन्यात फारशी नसते. जुलैत, हवा ओलसर झाल्यावर ती असते.

【 चौकट : मे महिन्यात शूटिंगला निघताना 】
आदल्या दिवशी मेनूत आपोआप बंद होण्याच्या तापमानाची निवड पाहून ठेवा. विधी सुरू होईपर्यंत कॅमेरा चालू ठेवून फिरू नका, सेन्सर तेवढ्यानेही तापतो. मागचा पडदा उघडून बाजूला वळवा, पाठीला हवा लागते. गरज नसेल तिथे ५० ऐवजी २५ चौकटी घ्या. बाहेरून वीज देत असाल तर त्याच वेळी आतली बॅटरी चार्ज होत नाही ना, ते पाहा, कारण चार्ज होणारी बॅटरीही तापते. दोन विधींच्या मध्ये कॅमेरा पिशवीत कोंबू नका, सावलीत उघडा ठेवा. आणि मंगलाष्टकांना दुसरा कॅमेरा, तो कितीही जुना असो, चालू असू द्या.

ऊन मावळल्यावर

रात्रीच्या मिरवणुकीत उष्णता निवते आणि दुसरं कोडं येतं. दिव्यांच्या माळांखाली काढलेल्या चित्रावर काळे आडवे पट्टे सरकताना दिसतात. डोळ्याला तर पट्टे दिसले नव्हते. त्याचंही मूळ त्या प्रगणकात आहे. तो सगळी घरं एकाच क्षणी मोजत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत येतो, आणि अनेक कॅमेऱ्यांत या फेरीला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. म्हणजे एका फेरीत दिवा दोनदा मंदावतो, आणि त्या वेळी मोजल्या गेलेल्या ओळी काळ्या पडतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रत्येक ओळीला दिव्याचे पूर्ण फेरे मिळतात आणि पट्टे जातात. अमेरिकेहून कुणाकरवी मागवलेला कॅमेरा कधी कधी तिकडच्या ६०च्या हिशेबावर लावलेला असतो. नव्या मालकाने आधी ते बदलावं. स्वस्तातले काही एलईडी मात्र विजेच्या तालावर चालतच नाहीत. तिथे शटर थोडं थोडं हलवत पट्टे विरेपर्यंत पाहत राहणं एवढंच हाती असतं.

डीजेच्या लेसरबद्दल स्पष्ट सांगायला हवं. लेसरची किरणशलाका सरळ भिंगात शिरली तर भिंग ती सेन्सरवर सुईच्या टोकाएवढ्या जागी गोळा करतं आणि तिथले ठिपके कायमचे जळतात. भिंगाने कागद पेटवण्याचा खेळ लहानपणी खेळलेल्यांना हे चटकन समजेल. आरशाचा कॅमेरा असताना नेम धरेपर्यंत तरी पाटी आरशामागे झाकलेली असे. आता ती कायम उघडी आहे. लेसर आपल्या दिशेने फिरला की कॅमेरा वळवा, क्षण गेला तर जाऊ द्या.

चाळीसगावचे केकी मूस यांनी आपल्या घरातल्या टेबलावर छोट्या वस्तूंची मांडणी करून निसर्गदृश्यं उभी केली. प्रकाश त्यांना हवा तिथे आणि हवा तेवढाच पडे. खान्देशातल्या लग्नात कॅमेरा धरणाऱ्याला ते टेबल नसतं. त्याचा प्रकाश, त्याचं तापमान, त्याची वेळ, सगळं दुसऱ्याच्या हाती. मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांचं पाहा. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ते सायकल आणि बैलगाडी वापरून कॅमेरा फिरवताना दिसतात. यंत्र आहे तसं ओळखून, त्याच्याकडून काम करवून घेण्याची ही कला आपल्या मुलखात मुरलेली आहे, आणि नव्या कॅमेऱ्यालाही तीच लागते.

पंधरा दिवसांनी शिरपूरजवळच्या लग्नाला मीही गेलो होतो. मुहूर्त दुपारचाच. भाच्याने तिपाईच्या मागे बांबू रोवून त्यावर पांढरं उपरणं ताणलं होतं, पडदा उघडून बाजूला केला होता, आणि भटजी अंतरपाट हातात घेईपर्यंत कॅमेरा बंद होता. पाटाशेजारी बसलेले एक म्हातारबा बराच वेळ त्या उपरण्याकडे पाहत होते. शेवटी त्यांनी विचारलंच,

"का रे पोऱ्या, याले बी ऊन लागस का?"

"लागस ना बाबा," भाचा कॅमेरा चालू करत म्हणाला, "याले घाम येत नही."